आडवी बाटली

दुकानातल्या माणसांच्या स्वभावाची चाचणी घ्यायची, ही कल्पना माझ्या बहिणीची. ती टोरांटोत एका मोठ्या कंपनीत माणसं सांभाळते, त्यामुळे जगातलं कुठलंही भांडण चार प्रश्नांनी मिटतं असा तिचा समज आहे. माझा तसा नव्हता. पण आमच्या थंडर बेमध्ये अनुभवी फार्मासिस्ट काही रस्त्यावर पडलेले नसतात, आणि माझ्या औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टने, आलिसने, राजीनामा दिला होता. महिनाअखेरीस तो हॉस्पिटलच्या औषधविभागात जाणार होता. तो गेला की दुकान माझ्या एकटीच्या गळ्यात, म्हणजे थोड्याच दिवसांत दाराला कुलूप. तेव्हा म्हटलं, हेही करून बघू.

राजीनाम्याच्या मुळाशी भांडण होतं, आलिस आणि डेल्फीनचं. भांडण तरी कसं म्हणू? आलिस कोस्केला भांडतच नसे. त्याच्या तोंडून दिवसभरात चार वाक्यं निघाली तर आम्हाला सण वाटायचा. डेल्फीन त्याच्या निम्म्या वयाची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. ती गोळ्या मोजून बाटल्या भरायची, हा तपासून सही करायचा, मगच बाटली गिऱ्हाइकाच्या हातात. पण वर्षभरात असं काही बिनसलं की हा तिच्या बाटल्या उघडून पहिल्यापासून मोजायला लागला. गिऱ्हाइकं ताटकळायची आणि डेल्फीन माझ्याकडे येऊन धुसफुसायची, की ह्याचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही.

रविवारी दुकान बंद करून मी गुलाबी साखरेचे पर्शियन बन आणले आणि सगळ्यांना प्रश्न सोडवायला बसवलं. हे दोघे दोन टोकांना निघणार यावर मी पैज लावली असती. निघाले दोघेही एकाच खणातले, ‘दुसऱ्याला जपणारे’. मी ‘हुकूम सोडणारी’. बहिणीने मुद्दामच तसे प्रश्न घातले असणार. डेल्फीन हसून हसून बेजार झाली. आलिस चष्मा पुसत राहिला.

मला मात्र ते डोक्यातून जाईना. स्वभाव एक, मग जमत का नाही? सोमवारी मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले, दोघे दिसतील अशा बेताने, आणि कामाचं नाटक करत बघत राहिले.

आलिसने एक बाटली तपासली, थबकला, आणि ती डेल्फीनच्या बाजूला आडवी ठेवली. बोलला काहीच नाही. डेल्फीन फोनवर बोलत बोलत आली, बाटली उभी केली आणि त्याच्याकडे सरकवली. त्याचा चेहरा पडला. त्याने झाकण उघडलं आणि गोळ्या मोजायला घेतल्या. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा.

शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर मी सरळ विचारलं, “आलिस, बाटली आडवी का ठेवतोस?”

झाकण का लावतोस असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. “पुन्हा बघ म्हणून. आणखी कशाला?”

तो सडबरीला ज्या हॉस्पिटलात शिकला, तिथे म्हणे सगळे असंच करायचे. समोर गिऱ्हाईक असताना सोबत्याची चूक तोंडाने काढायची नाही, बाटली आडवी करायची. ती उभी होऊन परत आली की समजायचं, बघितलं, बरोबर आहे. डेल्फीन मात्र न बघताच उभी करते असं दिसल्यावर तो स्वतः मोजायला लागला होता. आमच्याकडे ही रीत कुणालाच माहीत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. तसं कुणाला विचारायचं तर बोलावं लागलं असतं ना.

डेल्फीनचा एक हात कोटाच्या बाहीत तसाच राहिला. “मला वाटायचं, तुझे हात थरथरतात. धक्का लागून पडते बाटली. म्हणून मी गुपचूप उभी करायची, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.”

आलिसने दोन्ही हात काउंटरवर पसरून पाहिले. मग म्हणाला, “माझे हात थरथरत नाहीत.”

“ते कळलं आता.”

वर्षभर दोघे एकमेकांची लाज राखत होते, आणि त्यापायी एकमेकांवर रुसून बसले होते. मला हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन गर्दीत आलिसने बाटली आडवी केली. डेल्फीन बोलता बोलता थांबली, चिठ्ठी आणि बाटली ताडून पाहिली, आणि काउंटरवरूनच मोठ्याने म्हणाली, “मिसेस तुओमी, मी जास्त ताकदीची गोळी भरली होती. आलिसने पकडलं. जरा बसता का?”

मिसेस तुओमी म्हणाल्या, बसते की, आणि त्यांनी पिशवीतून विणकाम काढलं. आलिसचे कान लाल झाले. ज्यातून तिला वाचवण्यासाठी तो वर्षभर तोंड मिटून होता, ते तिने अख्ख्या रांगेसमोर एका दमात सांगून टाकलं होतं आणि तिचं काहीही बिघडलं नव्हतं.

नवीन बाटली तपासून त्याने सही केली. मग काउंटरवरचा फोन उचलला आणि हॉस्पिटलचा नंबर फिरवला. रांग ऐकत होती, मीही.

“कोस्केला बोलतोय. मी येत नाहीये.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, पगाराचं काही नाही,” तो म्हणाला. “इथे आत्ता कुठे आमचं बोलणं सुरू झालंय.”