उपग्रहाचं पांघरूण

उपग्रहाला थंडी वाजते असं मला पूर्वी कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण वाजते. आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगाला ऊनही लागतं म्हणे. एकाच वेळी दोन्ही कसं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तपासनीस बाईंनी दोनदा समजावलं, दोन्ही वेळा मी मान हलवली. मला एवढंच कळतं, की म्हणून त्याला पांघरूण लागतं. चकचकीत पातळ फिल्मचे थर, मधे बारीक जाळी, आणि कानाकोपऱ्यांत ते हातानंच शिवावं लागतं. ते शिवतो आम्ही. मी, माझी थोरली जाऊ आणि हॉलमधल्या बाकीच्या बायका.

त्याआधी आम्ही दोघी घरच्या पुढच्या खोलीत दप्तरं आणि सोफ्याची कव्हरं शिवायचो. जाऊबाईंची दप्तरं फाटायची, पण शिवण सुटायची नाही. गिऱ्हाइकं तसं सांगत यायची. मग उपग्रहाच्या कंपनीनं हाताचं शिवणकाम येणाऱ्या बायका हव्यात म्हणून विचारलं, तेव्हा परीक्षेत पहिल्या त्याच आल्या होत्या.

मोठे साहेब वर्षातून एकदा आम्हाला गोळा करून भाषण करतात. देश आता वर निघाला आहे, अंतराळात आपलं स्वतःचं स्थानक असेल, चंद्रावर आपले कारखाने असतील. मागच्या खेपेला जाऊबाई माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "कारखाना तिकडे हलवला तर कामाला जायला बस कुठून सुटेल ते विचार." मला भलत्या जागी हसू आलं आणि साहेबांनी ते उत्साह समजून घेतलं.

बहुधा त्या हसण्यामुळेच असेल, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. उड्डाणाचं मैदान जिथे आहे त्या शहरात नवा हॉल उभा राहतोय. यापुढची सगळी पांघरुणं तिथे शिवली जाणार. नव्या मुली घेतल्यात, त्यांना शिकवायला आणि हॉल सांभाळायला मी जावं. शनिवारपर्यंत सांगा, म्हणाले.

घरी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "माझं काय, मी पेपर कुठेही वाचेन." मुलगा म्हणाला, जा. म्हणजे माझं मलाच ठरवायचं होतं, आणि मला जायचं होतं. हे मी सरळ सांगते. मला तो हॉल हवा होता. पण जाऊबाईंचे डोळे गेले होते.

गेले म्हणजे अगदी गेले नव्हते. चष्मा बदलून झाला, थेंब घालून झाले, तरी त्यांचा टाका रेघ सोडून भरकटायचा. त्यांना ते दिसत नव्हतं, आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत मी म्हणायची, "ताई, तुम्ही पुढे व्हा, डबे गरम करा, मी आलेच." सगळ्या गेल्या की त्यांची शिवण उसवायची, पुन्हा सरळ घालायची, जुन्या भोकांवर चकचकीत टेप लावायची आणि मग जेवायला पळायची. काम पटकन व्हायचं. उसवायला काही त्रासच नव्हता, शेवटची गाठ एका ओढीत सुटायची. म्हातारपणी हातातला जोर जातो, असं मी मनात म्हणायची. मी गेले की हे कोण करणार होतं? महिन्याभरात त्यांना घरी बसवलं असतं.

आता माझा घोटाळा कसा झाला ते सांगते. हॉलमध्ये आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात असतो. धूळ नको, केस नको. तोंडावर मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा. माणूस ओळखायचं ते जागेवरून. शुक्रवारी मी आत आले तेव्हा जाऊबाईंच्या जागेवर त्या बसल्या होत्या, एक खांदा वर, मान शिवणीवर. त्या नेहमी अशाच बसतात. मी शेजारी बसले आणि रात्रभर घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं.

"मी नाही जात तिकडे. तुमचा टाका वाकडा जातो. रोज सुट्टीत मीच उसवून परत घालते. रागावू नका. मी गेले तर तुम्हाला काढतील, म्हणून नाही जात."

पांढऱ्या टोपीनं नुसती मान हलवली. मला हायसं वाटलं. रडारड नाही, काही नाही, म्हटलं बाई किती समजूतदार.

जेवायला गेले तर जाऊबाई साध्या कपड्यात डबा उघडून बसलेल्या. म्हणाल्या, "सकाळपासून कंपनीच्या डॉक्टरांकडे होते. आत आलेच नाही."

हातातला घास मी परत डब्यात ठेवला.

मग मी कोणाला सांगितलं? दुपारभर मी एकेका पांढऱ्या पोशाखाकडे बघत बसले. कोणी शिंकली की वाटायचं हीच. कपडे बदलायच्या खोलीत तर जी ती माझ्याकडेच बघून हसतेय असं वाटलं. एकीनं विचारलं, "काय, जाणार का मग?" मी तिला म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "अख्ख्या कंपनीला माहीत आहे." त्यावरूनही काही कळेना. घरी येताना जाऊबाईंना विचारलं, "डॉक्टरांकडे कोणी पाठवलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "माझी मीच गेले. डोळे तपासून घेतले." माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

शनिवारी केबिनमध्ये साहेबांशेजारी तपासनीस बाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आमचं एक पांघरूण पसरलेलं होतं.

"काल तिथे मी होते," त्या म्हणाल्या. "टेप एवढी का लागते ते भिंगातून बघत होते."

मी म्हटलं, "पण शिवण सरळ आहे ना?"

"शिवण उत्तम आहे. कापडात भोक बुजतं, यात बुजत नाही. त्यातून उष्णता जाते. टेप लावली तर लावली म्हणून सांगायचं. आम्ही मोजलं असतं, चाललं असतं. न सांगता नाही चालत."

अशी तीन पांघरुणं बाजूला काढली होती. ती आता पुन्हा शिवायची. साहेब कपाळ चोळत म्हणाले, "तुम्हाला काढावं की तिकडे पाठवावं, हेच मला कळत नाहीये." मला वाटलं, चला, गोंधळलेली मी एकटी नाही.

तेवढ्यात जाऊबाई आत आल्या. डॉक्टरांचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. "मला शिवणावरून काढा," त्या म्हणाल्या. "बाहेर पोशाख वाटायचं काम द्या. तेवढं मला दिसतं. आणि हिला पाठवा. ही माझ्यासाठी अडून बसेल, हिचं ऐकू नका."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र रागावले. मी ठरवलेलं मोडायचा अधिकार त्यांना कोणी दिला, असं घरी जाईपर्यंत धुसफुसत होते. त्या बसच्या खिडकीबाहेर बघत होत्या.

नव्या हॉलला मोठ्या काचा आहेत. दूरवर उड्डाणाचा मनोरा दिसतो. मुली हुशार आहेत, हात मात्र अजून घाबरतात. टाका चुकला तर आधी हात वर करायचा, हे मी पहिल्या दिवशी शिकवलं.

परवा एकीनं हात वर केला. तिची शिवण मी उसवायला घेतली, आणि गाठ सुटेना. सुई घातली, चिमटा लावला, भिंग आणलं. दहा-बारा टाक्यांसाठी सुट्टीची घंटा झाली तरी मी तिथेच. ती मुलगी बिचारी ओशाळून उभी. मी तिला म्हटलं, "गाठ अशीच घट्ट मारायची असते, तुझं काही चुकलं नाही." आणि म्हणता म्हणता माझा हात थांबला. दप्तर फाटेल पण शिवण सुटणार नाही अशी गाठ मारणारी बाई मला माहीत होती. तिचे डोळे गेले होते. बोटं कुठे गेली होती?

बाहेर येऊन मी पोशाख न काढताच फोन लावला.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय गं?"

"मी उसवते ते. तुम्ही गाठ सैल ठेवायचा."

पलीकडे कोणीतरी पोशाखाचं माप विचारत होतं. जाऊबाईंनी त्यांना मधलं माप घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "घट्ट मारली असती तर तू जेवायला कधी आली असतीस?"