मुसाफिराच्या अंगावरची रजई

मित्रांनो, मी एक जुनी रजई आहे. पण जुनी म्हटलं की लगेच फाटकी समजू नका. माझी शिवण अजून पक्की आहे आणि माणसांचा हिशेब त्याहून पक्का. माणूस अंगावर काय घेतो ते सगळ्यांनाच दिसतं. काय घ्यायला लाजतो, ते आम्हा रजयांनाच कळतं.

माझा जन्म फुलसावंगीचा. तिथं रहमतभाईंचं गादी-रजईचं दुकान आहे. त्यांची मुलगी नाहिद कापडाचं तंत्रज्ञान शिकायला स्कॉटलंडला निघाली, तेव्हा त्यांचे जुने गिऱ्हाईक सदाशिवराव घरच्या कापसाची रुई घेऊन दुकानात हजर झाले.

"रहमतभाई, हे घ्या. पोरगी थंड मुलखात चालली. तिकडच्या रजईत काय भरतेत, आपल्याले काय मालूम?"

"पैसे सांगा, सदाशिवराव."

"बिल तिकडच्या राणीच्या नावानं फाडा!"

रहमतभाईंनी ती रुई मशीनवर अशी पिंजली, की दुकानात ढग उतरल्यासारखं झालं. नाहिदची आई जैबुनबी, तिनं मला टाके घातले. सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा लोणच्याची बरणी बाहेर निघाली आणि मी आत गेले. बॅगेचं झाकण लागावं म्हणून जैबुनबी माझ्यावर चक्क गुडघा देऊन बसली. एवढा मान फार थोड्या रजयांना मिळतो.

तिकडं माझं कौतुकही झालं. नाहिदच्या वर्गातल्या मुली मला हात लावून पाहायच्या, गालाला लावायच्या. मी मनातल्या मनात फुगायचे. फुगणं हा रुईचा स्वभावच आहे.

पण त्याच साली इकडं फुलसावंगीच्या महागाव तालुक्यात गुलाबी बोंडअळीनं उभा कापूस पोखरला. शेतकऱ्याच्या घरचं लग्न पुढं गेलं, की रहमतभाईंची गादी मागं पडते. दुकानात मशीन होती, गिऱ्हाईक नव्हतं. दर महिन्याला घरून पैशांची जी भर यायची ती आधी आटली, मग थांबली. तिकडं खोलीचं भाडं मात्र वाढलं.

नाहिदनं सर्वांत आधी खोलीतला हीटर बंद केला. मग माझी खरी नोकरी सुरू झाली. अभ्यासाला मी, जेवायला मी, खिचडी शिजवतानाही मीच खांद्यावर. मला वाटायचं, केवढं माझं महत्त्व वाढलं! पुढं खिचडीही एक वेळ झाली, भाडं थकलं, आणि पोरगी शिक्षण अर्धं टाकून परतीचं तिकीट पाहू लागली, तेव्हा माझा तोरा उतरला.

विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक सल्लागार बाई होत्या. त्यांनी नाहिदला संगणकावर गाठलं. नाहिद गळ्यापर्यंत माझ्यात गुंडाळलेली.

"तुला थंडी वाजते आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही. आमच्याकडची पद्धत आहे ही."

हे ऐकून मीच शरमले. फुलसावंगीच्या उन्हात कोणी रजई पांघरून फिरेल काय!

बाईंनी नीट समजावून सांगितलं. इथं आल्यानंतर ज्यांची घरची परिस्थिती बदलली, त्यांच्या राहण्या-खाण्यासाठी विद्यापीठ मदत देतं. परत करायची नसते. शुक्रवारपर्यंत सांगायचं.

"ज्यांना खरी गरज आहे त्यांना द्या," नाहिद म्हणाली. "आमचं दुकान आहे." संगणकाचा पडदा बंद झाला आणि दुकानदाराची लेक सटासट शिंकली.

दुपारी तिनं घरी फोन लावला आणि ही बहादुरी वडिलांना ऐकवली.

"शाब्बास बेटा!" रहमतभाई म्हणाले. "आपण गरिबाले जकात देणारे, घेणारे नाही."

तेवढ्यात जैबुनबीनं फोन ओढून घेतला. "शाब्बास काहून म्हणून राह्यले? तुम्ही अजमेरले गेलते, खिसा कापला गेला. तवा दर्ग्याच्या लंगरात दोन्ही वक्त कोण जेवत होतं? अन् तिथं भेटलेल्या त्या भोपाळवाल्यानं परतीचं भाडं देलं, ते कायले घेतलं? इथं मशीन होती न तुमची!"

"अगं, तवा मी मुसाफिर होतो..."

"मंग तुमची पोरगी तिकडं काय जहागीरदार आहे?"

रहमतभाई नुसते खाकरले.

"जकातीतही मुसाफिराचा हक सांगितला आहे," जैबुनबी म्हणाली. "घरचा कितीही खातापिता असो, रस्त्यात अडला तर अडला."

"पण अम्मी, माझ्यापेक्षा गरीब कोणाचा हक मारला गेला तर?"

"तुले कोणी खोटं सांगून घे म्हणलं का? जे आहे ते सांग. द्यायचं का नाही, ते ठरवतीन ते लोकं. त्यांचं काम तू कायले करून राह्यली?"

मग फोनवर पुन्हा रहमतभाईंचा आवाज आला, जरा उतरलेला. "बेटा, तुह्या अम्मीचं बरोबर आहे. सांगून दे त्या बाईले."

"अन् आधी नाक पूस!" मागून जैबुनबी ओरडली. "इथवर आवाज येऊन राह्यला!"

नाहिदनं त्याच दुपारी बाईंना पुन्हा गाठलं. भाडं थकलं आहे, एक वेळ जेवते, हीटर बंद आहे, सगळं सांगितलं.

"म्हणजे ती तुमच्याकडची पद्धत नव्हती?"

"नाही," नाहिद म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

शुक्रवार गेला. पुढचा आठवडा तिनं, भाडं मागायला कोणी आलं की काय म्हणून, दारावरच्या प्रत्येक टकटकीला दचकून काढला. मग मंजुरी आली. थकलेलं भाडं भरलं गेलं, डब्यात तांदळाशेजारी डाळ आली, आणि एका संध्याकाळी तिनं हीटरचं बटण दाबलं. खोली तापली. तिनं मला अंगावरून काढलं, चारी कोपरे जुळवून घडी घातली आणि पायथ्याशी ठेवून दिलं. परतीच्या तिकिटाकडं तिनं पुन्हा पाहिलं नाही; परीक्षा होईपर्यंत पुस्तकातून मान वर काढली नाही. आणि पास झाली, तीही चांगल्या गुणांनी!

मी तशीच पायथ्याशी पडून होते, धूळ खात. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण माझी गरज न पडता सुखानं झोपलेली पोरगी मी पाहिली आहे.

मित्रांनो, आमची निगा राखा. आम्हाला ऊन दाखवा, ओल लागू देऊ नका, दोन-चार वर्षांनी रुई पिंजून घ्या. अडलात, तर ज्याचं मदत करायचं काम आहे त्याला तोंड उघडून सांगा. पण भाड्याचं, पोटाचं आणि अब्रूचं काम आमच्याकडून करून घेऊ नका. तेवढी रुई कुठल्याच रजईत नसते.