बोगद्यातलं पाणी

“पाणी पावसाचं आहे, आणि पावसाचं पाणी पायऱ्यांवरूनच आत येतं,” ओव्हरसियर सुधाकरराव बोगद्याच्या वरच्या पायरीवरून म्हणाले. खाली उतरायचं त्यांच्या मनातही आलं नाही. खाली कमरेएवढं पाणी होतं आणि त्यांचे बूट नवे होते. “तोंडाशी मातीची पोती लावायचं काम कुणाचं? पंपवाल्याचं.”

पंपवाला उकंडराव त्या पाण्यातच उभा होता. “पोती लावेल हायेत ना साहेब. एकबी हाललं नाही. हे पानी फरशीतून वर आलं. खारट हाय. चाखून पाहा.”

“मी गटार चाखू?” सुधाकरराव हसले. स्टेशनमास्तर किसनरावही हसले. साहेब हसले की हसायचं, एवढी एकच गोष्ट ते नोकरीत मन लावून शिकले होते.

पळसोडा रोड हे पूर्णेकाठचं स्टेशन. दिवसाला चार गाड्या थांबायच्या. संग्रामपूरकडची माणसं उतरायची, रूळ ओलांडायची आणि बैलगाडीत बसायची. कुणाचं काही अडत नव्हतं. पण सुधाकररावांनी मुंबईच्या कुठल्याशा स्टेशनात रुळांखालून जाणारी बोगद्याची वाट पाहिली होती. तशीच इथे हवी म्हणून त्यांनी वर अर्जांवर अर्ज केले आणि ती मंजूर करून आणली. हा मुलूख खाऱ्या पाण्याचा. थोडं खोल खणलं की खारं पाणी लागतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. उकंडराव तर बावीस वर्षं रोज सकाळी इंजिनाच्या टाकीत जाणारं पाणी जिभेवर घेऊन पाहत होता. खारं पाणी गेलं की बॉयलरमध्ये फेस होतो आणि गाडी माळावर बसते. बोगद्याच्या खड्ड्यातली माती त्यानं पहिल्याच दिवशी चाखली होती, सांगितलंही होतं. पंपवाल्याचं ऐकतो कोण!

सुधाकरराव मास्तरांच्या खोलीत अहवाल लिहायला बसले. हयगय ठरली तर उकंडरावाची नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर रुळाकाठची खोलीही. आधी साहेबांना चहा हवा होता. उकंडराव किटली घेऊन गेला आणि भरून घेऊन आला. मास्तरांनी स्वतः स्टोव्ह पेटवला, चहा केला, दोन कप भरले.

पहिला घोट घेतला आणि सुधाकरराव खिडकीबाहेर पचकन थुंकले. “मीठ घातलंत की काय किसनराव? खारट झालाय!”

“मीठ नाही घातलं त्यायनं,” उकंडराव दारातून म्हणाला. “बोगद्यातलं पानी हाय ते. आता लिवा साहेब, खारट म्हणून. तुमीच सांगतलं.”

सुधाकररावांनी रुमालानं ओठ पुसले. ओठांवरचं मीठ वाळायच्या आत हा माणूस खोटं लिहिणार नाही, असं उकंडरावाला खरंच वाटलं. सुधाकररावांनी टाक उचलला आणि भराभर लिहिलं. मग कागद मास्तरांकडे सरकवला. “वाचून दाखवा त्याला.”

“पंपवाल्याच्या हयगयीमुळे पावसाचे पाणी आत शिरले,” किसनरावांनी वाचलं. “शिवाय वरिष्ठांशी उद्धट वर्तन.”

“मास्तर, तुमीबी चव घेतली ना?”

“मी अजून प्यायलो नाही,” किसनराव म्हणाले. त्यांचा कप अर्धा झाला होता.

उकंडरावाला राग आला नाही, किळस आली. “अंगठा कर इथे,” सुधाकरराव म्हणाले.

“नाही करत.” त्यानं पंपाचा पाना टेबलावर ठेवला. “हा पाना तुमचा. अंगठा माहा हाय.”

हिवाळ्यात पाणी उतरलं. बोगद्याला चुना दिला गेला, उद्घाटनाचे हारतुरे झाले. चैत्रापर्यंत चुन्याचे पोपडे पडले आणि दोन्ही भिंतींवर कमरेएवढ्या उंचीवर मिठाची पांढरी रेघ फुटली. चुना तीनदा दिला. रेघ तीनदा वर आली.

उकंडराव आता दुसऱ्याच्या शेतात राबत होता. एका बाजाराच्या दिवशी तो डोक्यावर गठुडं घेऊन बोगद्यात उतरला. समोरून किसनराव येत होते. उकंडराव थांबला. त्यानं भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. मग मास्तरांच्या पायांशी पचकन थुंकला आणि पायऱ्या चढून गाडीला गेला.