हाताला ओळखीचं लोखंड

आईची दृष्टी गेली, पण झाडांना ते कळलंच नाही. ती पूर्वीसारखीच रोज सकाळी त्यांच्याकडे येत राहिली. भिंतीला हात धरून मागच्या अंगणात उतरायची आणि पहिल्या स्टँडला हात लागला की थांबायची. तिचे स्टँड सगळे जुने, बिडाचे, कुणाकुणाच्या मोडलेल्या संसारातून आलेले. एकासारखा दुसरा नाही. दाराशी उंच तिपाई, तिच्या कडेने लोखंडाची पानं, तिच्यावर नेचा. पुढे पिळाच्या सळयांचा पायऱ्यापायऱ्यांचा स्टँड, त्यावर जिरेनियम. शेवटी जनावराच्या पंजांवर उभी असलेली जड कुंडी. तिच्यात लिंबाचं रोप. पान लागलं की नेचा, पीळ लागला की जिरेनियम, पंजा लागला की लिंबू आणि मग परत फिरायचं. एवढा तिचा रस्ता. चालता चालता ओळी जुळवायची.

*पान पान लोखंडाचं, पान वर हिरवं,*
*एक गंजे, एक वाढे, दोहोंचं बरवं.*

मग ते घर विकलं गेलं आणि थोरल्या मुलाने आईला आपल्याकडे आणलं, तिसऱ्या मजल्यावर. झाडं आणली, स्टँड आणले नाहीत. गॅलरीत पांढऱ्या टाइल होत्या, त्यांच्यावर गंजाचे डाग पडले असते. निघायच्या दिवशी त्याने सगळं लोखंड भंगारवाल्याच्या गाडीत चढवलं आणि इथे प्लास्टिकचे स्टँड मागवले. हलके, धुता येण्याजोगे, सगळे एकसारखे.

पहिल्याच सकाळी आई गॅलरीत आली. एका स्टँडवरून हात फिरवला, दुसऱ्यावरून फिरवला, तिसऱ्यावरून फिरवला. पुन्हा पहिल्यावर आली. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर ती गॅलरीत गेली नाही. दिलेलं खायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. ओळ मात्र तोंडातून एकही नाही.

धाकटी लेक रजा काढून आली ती याचसाठी. आई अशीच निजून राहिली तर उठायचीच नाही, हे तिला फोनवरच्या आवाजावरून कळलं होतं. थोरल्याला ती काही बोलली नाही, पण तो आपणहून तडकला, की मी काय मुद्दाम केलं का, आणि रोज तिचं करतंय कोण.  भंगारवाल्याकडचं लोखंड केव्हाच भट्टीत गेलेलं. तेव्हा दोघांचं ठरलं, की दुसरं शोधायचं. सगळे नाही तर निदान तो पानांचा एक स्टँड. एक जरी ओळखीचा लागला, तरी तिथून पुढचा रस्ता आई स्वतः बांधेल.

जुन्या सामानाच्या बाजारात एकाच दुकानात असलं लोखंड मिळायचं. मालकाला सगळे गंजोबा म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तारेच्या टोपल्या, छताला टांगलेल्या साखळ्या, बुडाला भोक पडलेल्या कुंड्या, पाय तुटलेल्या तिपाया एकमेकींच्या गळ्यात गळा घालून उभ्या. गंजोबाने एक नक्षीदार स्टँड पुढे ओढला आणि तो कुठल्याशा मोठ्या बंगल्यातला आहे, मालक गेले तेव्हा बंगलासुद्धा रडला, असं सांगू लागला. थोरल्याने स्टँड उलटा केला. खाली किमतीचं स्टिकर चिकटलेलं होतं.

"बंगल्याने जाताना लावलं असेल," थोरला म्हणाला.

गंजोबा अजिबात ओशाळला नाही. म्हणाला, नवीन माल मिठाच्या पाण्यात ठेवून म्हातारा करावा लागतो, गिऱ्हाइकाला म्हातारंच हवं असतं, घरातली म्हातारी माणसं मात्र नको असतात. थोरल्याचं हसू तिथेच विरलं.

धाकटीने डोळे मिटले आणि हाताने शोधायला लागली. डोळ्यांनी निवडलेलं आईच्या काय कामाचं? एकेक स्टँड चाचपायची, सोडायची. हा फार गुळगुळीत. ह्याचे जोड वेल्डिंगचे, ओबडधोबड गाठी हाताला लागतात. ह्याची नक्षी पत्र्याची, दाबली की वाकते. हा चांगला, पण डुगडुगतो, आईचा तोल जाईल.

"ताई, झोप आली असेल तर खाटही आहे," गंजोबा म्हणाला. "तीही बिडाचीच."

ती हसली, पण डोळे उघडले नाहीत. एका कोपऱ्यात मात्र हात आपोआप थांबला. थंड, जड, खरखरीत. कडेने पानं, पानांच्या शिरा बोटाखाली एकेक मोजता येतील अशा, आणि एका पानाच्या टोकाला ओतकामात राहिलेला बारीकसा काटा. आईचा नव्हता तो, पण त्याच्या सख्ख्या भावासारखा होता. तिने डोळे उघडले तेव्हा तळवा तपकिरी झाला होता.

थोरल्याने स्टँड उचलून पाहिला, तर त्याच काट्याने त्याचं बोट चिरलं. बोट तोंडात धरून तो म्हणाला, आईची कातडी आता कागदासारखी झालीय, हे असंच द्यायचं का तिच्या हातात? गंजोबाकडे उपाय तयार होता. वाळूचा झोत मारून घासतो, टोकं ग्राइंडरने उडवतो, वर पक्का रंग. डाग पडणार नाहीत, गंज चढणार नाही.

धाकटीला आतून नको वाटत होतं. पण थोरला कधी नव्हे तो वाकून वाकून पाहत होता. आईच्या हाताला काही टोचणार नाही ना, रंगाला वास राहणार नाही ना, रंग हिरवाच द्या, तिला हिरवा आवडायचा. आंधळ्या आईसाठी तो रंग निवडत होता. इतक्या दिवसांनी पाझर फुटला होता, त्याला आडवा दगड कसा घालायचा? 

स्टँड तयार होऊन आला तो आरशासारखा. थोरल्याने स्वतः खांद्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवला, कुणाला हात लावू दिला नाही. वर नेचा ठेवला, मागे सरून पाहिला, पुन्हा जाऊन जरासा वळवला. मग दोघांनी आईला दोन्ही बाजूंनी धरून आणलं.

"आई, बघ काय आहे," धाकटी म्हणाली आणि तिचा हात कडेवर ठेवला.

आईची बोटं निघाली. पानावर आली, पुढच्या पानावर गेली. शिरा रंगाने बुजल्या होत्या, बोटं नुसतीच घसरत होती. ती पुन्हा मागे आली, अंगठ्याने टोक शोधलं. टोक गोल केलेलं होतं. एक क्षण ती तशीच उभी राहिली. पावलांनी जमीन शोधावी तशी बोटांनी काहीतरी शोधत. मग तिने हात काढून पदराला पुसला.

"छान आहे हो," ती म्हणाली. "कशाला एवढा त्रास घेतलात?"

हा आवाज धाकटीला पाठ होता. पाहुण्यांनी नको ती भेटवस्तू आणली, की आई याच आवाजात बोलायची. पोटच्या पोरांशी तशी कधी बोलली नव्हती.

थोरल्याला वाटलं, आवडलं. त्याचा चेहरा खुलला आणि तो चहा ठेवायला आत गेला. धाकटी खाली बसली, हातातल्या किल्लीने एक पान खरवडू लागली. आई, आत बीडच आहे गं, तसंच आहे, मी डोळे मिटून शोधलं, नुसता वरचा रंग आहे, थांब जरा, असं काहीबाही बोलत राहिली. रंगाचे पापुद्रे सुटले. खाली लखलखीत, कोरा धातू निघाला, वाळूने घासलेला. खरखर कुठेच उरली नव्हती.

"नको खरवडू," आई म्हणाली. "त्याची टाइल खराब होईल."

दुसऱ्या दिवशी तिने दोघांना जवळ बोलावलं. म्हणाली, तळमजल्यावरच्या बाईंकडे माती आहे, झाडं त्यांना देऊन टाका, स्टँडसकट. थोरला काकुळतीला आला, दुसरा आणतो म्हणाला, न घासलेला आणतो. गंजोबाकडे तसा दुसरा नव्हता, हे धाकटीला ठाऊक होतं. तिचा फोन करून झाला होता. आईने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि सांगितलं, तू चांगलाच आहेस रे, पण झाडं दे.

त्याने एकेक कुंडी खाली नेली. नेचा शेवटी गेला. धाकटीने गॅलरी झाडली, पुसली आणि पुसून झाल्यावरही फडकं हातात धरून तिथेच बसून राहिली.

आतून आईने विचारलं, झाली का रिकामी?

"झाली."

"बरं झालं," आई म्हणाली आणि भिंतीकडे वळली. "कपडे वाळत घालायला जागा होईल."