पाठीतली सुई

सासऱ्यासमोर मी कधी बसली नाई, मंग लेटाची त गोठच सोडा. हिंमतराव मामाजी म्हनजे आमच्या वरवट बकाल गावचा वाघ. ओसरीवर त्याईचा खाकरा आयकू आला का आम्ही सुना उभ्या, पदर डोक्यावर, तोंड बंद. लग्नाले चार वर्सं झालती, पन त्याईच्यासंग मी एक शब्द बोलली नोती. अन् तेच मामाजी सकाय-संध्याकाय माह्या खाटंपुढं येऊन उभे राहू लागले, तवा म्या काय करावं माय?

झालं असं. महाराष्ट्र नवा-नवाच झालता, तवाची गोठ. माह्या पोटात लेकरू आडवं होतं, म्हनून मले खामगावच्या एका दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीनबाई नागपूरले शिकून आलती. म्हने, "रुख्मिणी, तुले बेहोश नाई करत. पाठीत सुई देते, खालचं सारं बधिर होईन."

सुई टोचली अन् बाई थांबली. "जराशी आत गेली," म्हने. मंग औषध थोडंसंच देल्लं. पन बापा, काय त्याचा जोर! पाय त गेलेच, बधिरपना चढत-चढत पार छातीलोग आला. म्या घाबरून इचारलं, "बाई, माहे पाय हायेत ना?"

"हायेत वं, दोन्ही हायेत!"

पोट कवा चिरलं, मले समजलंच नाई. एकदम पोट्टीचा टाहो आयकू आला, अन् मले असं हसू सुटलं का बाई म्हने, हालू नको. एवढा आनंद मले जल्मात झाला नोता.

मंग बाईनं समजून सांगतलं. पाठीच्या कन्यात एक पातळ पडदा असते, त्याच्या आत पानी. सुई पडद्याच्या बाहेरच थांबवाची होती, पन ती आत गेली. म्हनून थोड्याशा औषधानं एवढं चढलं. आता त्या भोकातून पानी झिरपन. "उठून बसली का डोकं दुखन. सपाट लेटून राहा, पानी पी, चहा पी. भोक आपोआप बुजते."

सांगनं सोपं हाये! दुसऱ्या दिवशी मामाजी खाकरले अन् मी सवयीनं उठून बसली, पदर घेतला. अगं माय वं! डोक्यात कोनी पहार हानली असं झालं. ते गेले, मी लेटली, का दुखनं गायब.

सासूबाईले, जनकाबाईले, हे काई पटे ना. "उठली का दुखते, लेटली का बरं! असं सोयीचं दुखनं मले काऊन नाई झालं वं कधी?"

नवऱ्याले म्हटलं, "तुम्ही तरी सांगा ना मामाजीले." इंद्रभान तसा गावात लय बोलनारा. पन बापाचं नाव काढल्याबरोबर तोंडात मूग. मामाजी त येतच राह्यले, नातीले पाहाले. मी उठतच राह्यली. पोट्टीले पाजाले घेतलं का डोयासमोर अंधारी ये.

एकदा ते बाहेर पडले, अन् डॉक्टरीनबाईनं मले बसलेली धरलं. असी वरडली का वरांड्यात मामाजीचे पाय थबकले. "असीच उठत राह्यली त भोक बुजन कसं? पोट्टीले घरी न्याचं हाये का नाई तुले?"

ते मनाले लागलं. म्या ठरवलं, आता जे होईन ते होवो.

संध्याकायी खाकरा आला. मी डोये मिटून लेटूनच राह्यली. मामाजी दारात थांबले, माह्याकडं पाह्यलं, अन् तसेच मागं फिरले.

"गेले!" सासूबाई म्हने. "नाक कापलं वं आमचं!"

मले रडूच कोसयलं. पन थोड्या वेयानं पुन्हा खाकरा आला. मामाजी आले ते काखंत सतरंजी घेऊन. माह्या खाटंपाशी खाली अंथरली, फेटा उशाले ठेवला, अन् तो वरवट बकालचा वाघ सपाट आडवा झाला!

"आता म्या बी लेटलो," वर पाहात म्हनाले. "लेटलेल्या मानसासमोर उठून बसाची रीत आपल्या घरान्यात नाई. इंद्रभान, पोट्टी आन इकडं."

पोट्टी त्याईच्या छातीवर ठेवली. सासूबाईनं कपायाले हात लावला. मले राहवलं नाई. चार वर्सांत पह्यल्यांदा मी त्याईच्यासंग बोलली. "मामाजी, खाली फरशी हाये. पाठ दुखन ना तुमची."

"तुह्या पाठीत सुई गेली, बेटा. माही त नुस्ती टेकली."

तवापासून ते येत, सतरंजी टाकत, पोट्टीले घेत अन् खालूनच मले गावच्या गोठी सांगत. मी वरून हासे. अन् एका सकायी मी हयूहयू उठून बसली. डोकं दुखलं नाई! मामाजीले सांगाले खाली वाकली, त ते घोरून राह्यलते, पोट्टी छातीवर. मी त्याईले उठवलं नाई.