धुतलेलं पान

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सेक्टर सहातल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये विज्ञानाचं व्याख्यान असतं. नुसतं व्याख्यान म्हटलं की मोठी माणसं पुढच्या खुर्च्यांवर डुलक्या घेतात. म्हणून मी मुलांना घरून काहीतरी करून आणायला सांगतो. हातात वस्तू असली की मूल जागं राहतं, आणि मुलामुळे आईबापही.

एकदा विषय होता धूळ. बोलायला रायपूरच्या कॉलेजातल्या वसुंधराताई आल्या होत्या. मुलांना मी सांगून ठेवलं होतं : सकाळी घराजवळच्या करंजाचं एक पान तोडा, त्यावर चिकटपट्टी दाबा, अलगद उचला आणि पांढऱ्या कागदावर लावून आणा.

मी एकेक कागद फळ्यावर डकवत गेलो. हुडको कॉलनी, सेक्टर सहा, पुन्हा हुडको. सगळ्या पट्ट्या कमीजास्त करड्या. मग कारखान्याला लागून असलेल्या, सगळ्यात धुळकट खुर्सीपार वस्तीतल्या दिपालीचा कागद आला. तिची पट्टी जवळजवळ कोरी होती.

हॉलमध्ये खसखस पिकली.

"लो, खुर्सीपार सबसे साफ!" सेक्टर सहातला सिद्धांत ओरडला. "सर, आपण सगळे तिकडेच शिफ्ट होऊ. अरे, पत्ता धो के लाई है ये. चीटिंग!"

दिपाली शेवटच्या रांगेत आई शकुबाईला चिकटून बसली होती. तिचे वडील ठेकेदाराकडे कामाला. हे लोक मूळचे गोंदियाकडचे. खुर्सीपारहून आमच्याकडे येणारी ती एकटीच मुलगी. तिला आणायला मी किती फेऱ्या मारल्या होत्या. शकुबाई उठल्या. "चाल वं, घरी जाऊ." आज ही दारातून बाहेर पडली की पुन्हा येणार नाही, हे मला दिसत होतं.

मी मागे जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसलो. "दिपाली, पान धुतलं होतंस का गं?"

उत्तर शकुबाईंनी दिलं. "म्याच सांगतलं तिले, सर. एवढे मोठे लोकं पायतीन, तं मळकं पान घेऊन जाशीन काय? पाव्हण्याइच्या घरी मळके कपडे घालून कोनी जाते काय?"

आपल्या गल्लीची धूळ चारचौघांत फळ्यावर लावा, असं मी मुलांना सांगून बसलो होतो. कुणाला ते जड जाईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"कधी धुतलं?"

"काल संध्याकाळी," दिपाली पुटपुटली. "झाडावरच. मंग आज सकाळी तोडलं."

मी चष्मा पुसला आणि तिचा कागद खिडकीशी नेला. पट्टी कोरी नव्हती. उजेडात बारीक बारीक ठिपके दिसत होते.

"सिद्धांत, तुझ्या पट्टीवर किती दिवसांची धूळ आहे?"

"मतलब?"

"पान झाडावर कधीपासून आहे?"

"क्या पता सर, पत्ते का बर्थडे थोड़ी मनाते हैं!"

सगळे हसले. मीही हसलो.

"मध्ये पाऊस पडला होता का त्याच्यावर?"

"बुधवारी पडला होता ना," एक मुलगा म्हणाला.

"हुडकोत नाही पडला," वैभवी म्हणाली. "पण आमचे बाबा झाडांना पाइपने पाणी मारतात. पानांवरही उडतं ते."

आता कुणी हसत नव्हतं. वसुंधराताई उठून खिडकीपाशी आल्या. "ही पट्टी एका रात्रीची आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या कधीपासूनच्या, ते कुणालाच ठाऊक नाही. मग त्या एकमेकींशी ताडून कशा बघायच्या?"

"तो फिर चीटिंग नहीं है?" सिद्धांतने विचारलं.

"पुढच्या वेळी तूही हेच करायचं," मी म्हणालो. "शनिवारी संध्याकाळी पान झाडावरच धुवायचं, ओळखायला दोरा बांधायचा, रविवारी सकाळी तोडायचं. आणि आत्ता काय बोलायचं असेल, ते मला नको, तिला बोल."

तो मागे वळून "सॉरी यार" म्हणाला. दिपालीने मान हलवली, पण तिचा चेहरा उतरलेलाच राहिला. व्याख्यान संपल्यावर ती दारापाशी घुटमळली.

"सर, सगळेच धुतीन, तं मंग आमचीच पट्टी काळी निंगन ना?"

खोटं कशाला बोलू? "बहुतेक तसंच होईल," मी म्हणालो.

"मंग सगळे हासतीन."

"हसतीलही. पट्टी आणायची की नाही, ते तू ठरव. पान मात्र धुऊन बघ."

पुढच्या महिन्यात व्याख्यानाची वेळ झाली, तरी मायलेकी आल्या नव्हत्या. वसुंधराताईंना मी पुन्हा बोलावलं होतं. त्या माइकपाशी उभ्या राहिल्या आणि मी दार लोटून घ्यायला गेलो, तेव्हा दोघी पायऱ्या चढताना दिसल्या.

"दोरा म्याच बांधला, सर," शकुबाई धापा टाकत म्हणाल्या. "लाल."

दिपालीच्या हातात दोन कागद होते. ते तिने मला दिले नाहीत. सरळ फळ्यापाशी गेली आणि स्वतःच लावले. हुडको आणि सेक्टरच्या फिक्या पट्ट्यांमध्ये तिच्या दोन्ही पट्ट्या शेवटच्या खुर्चीवरूनही दिसत होत्या. मी सिद्धांतकडे पाहिलं. तो मान पुढे काढून बघत होता.

"हे रोडवरच्या झाडाचं पान," ती वसुंधराताईंना म्हणाली. "अन् हे आमच्या गल्लीतलं, आतलं. रोडवरच्यापेक्षा हेच जास्त काळं हाय. कावून?"

ताईंनी हातातली टिपणं टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या गल्लीत काय काय आहे, ते सांग बरं आम्हाला."

दिपालीने एकदा आईकडे पाहिलं, आणि सांगायला लागली.