पाचाला पाच कमी

चव्वेचाळीस देशांच्या अर्थसंघटनेत घड्याळमामांच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती, पण त्यांच्या शिडीला होती. बैठक पाचच्या ठोक्याला संपलीच पाहिजे असा नियम, आणि पाचपर्यंत एकमत होणं या मंडळींच्या नशिबातच नाही! मग अध्यक्षबाई खूण करायच्या, मामा शिडीवर चढायचे आणि पाचाला पाच कमी असताना भिंतीवरचं घड्याळ बंद करायचे. घड्याळ बंद म्हणजे वेळ बंद. नियमही शाबूत, भांडणंही शाबूत.

आजही तेच. श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या मालावरचा कर कमी 'करावा', की कमी करण्याचा 'विचार करावा', इथे घोडं अडलं होतं. त्या एका शब्दावर कुठल्या कुठल्या गावांतले कारखाने चालणार की बसणार ते ठरणार होतं, हे मामांनाही कळत होतं. पण सहाला नातीचं नाटक होतं ना! ठमी राणी होणार होती. गेल्या वर्षी ती झाड झाली, तेव्हा मामा याच शिडीवर. त्याआधी ससा झाली, तेव्हाही.

"आजोबा, घड्याळ तुम्हीच थांबवलंत, मग तुम्हाला उशीर कसा झाला?" तिने विचारलं होतं. मामांना फार लाज वाटली होती.

मनगटावर पाच चाळीस झाले. साखरवाल्या देशाचे साहेब तिसऱ्यांदा "थोडक्यात सांगतो" म्हणाले आणि मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चढले शिडीवर आणि दिलं घड्याळ चालू करून!

"मामा, कोणाला विचारून?" अध्यक्षबाई कडाडल्या.

"बाई, नोकरी गेली तरी चालेल. सहाला माझ्या नातीचं नाटक आहे. राणी आहे ती." मामा शिडीवरूनच म्हणाले.

अध्यक्षबाईंनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि हातोडा आपटला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? पाच मिनिटं उरलीत."

आणि काय सांगावं! तीन दिवस जे जमलं नाही ते चार मिनिटांत जमलं. 'विचार' गेला, 'करावा' राहिला.

मामा धापा टाकत शाळेत पोचले तेव्हा सव्वासहा होऊन गेले होते. हुकलंच, असं म्हणत त्यांनी दार ढकललं, तर पडदा अजून बंदच! नाटकाच्या बाई घामाघूम होऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. त्यात सहाला पाच कमी होते.

"आज मेली वेळ सरतच नाही," बाई म्हणाल्या.

पडद्याच्या फटीतून राणीने डोकं बाहेर काढलं. मुकुट तिरका झाला होता. आजोबा दिसताच तिने हळूच मूठ उघडून दाखवली. मुठीत घड्याळाचा सेल होता.

मामांचे डोळे भरून आले. ते त्यांनी बाहीने पुसले आणि शिडी कुठे मिळते का ते बघायला लागले.